चपलांचे बेस

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे. बॅट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर ती चपटी, रुंद बॅट येते. ती माझी चुलत बहीण. मी गोल आहे, मुठीकडे बारीक आणि डोक्याकडे जाड. मी बेसबॉलची बॅट. आमच्या घरी येणारे पाहुणे मला मुसळ समजतात आणि "हे दाराआड कशाला उभं केलंय?" असे विचारतात. आता मी ते मनावर घेत नाही. पूर्वी घेत असे. पूर्वी मी फार नाकाने कांदे सोलत असे.

अंगावरच्या खुणा दाखवून 'हा अमुक फटका, तो तमुक फटका' असे तुम्हाला सांगता आले असते तर मलाही बरे वाटले असते. पण आज जे सांगायचे आहे ते मान वर करून सांगण्यासारखे नाही.

माझा जन्म एका सुताराच्या लेथवर झाला. खरे तर ते लाकूड पलंगाच्या पायासाठी आणलेले होते. पण सुताराच्या लेथची मोटर जळाली आणि नवी तार गुंडाळून ती मोटर भरून देणाऱ्या कारागिराने मजुरीऐवजी बॅट मागितली. "पलंगाचा पाय होऊन जन्मभर कुणाचं तरी घोरणं ऐकत बसली असतीस. सुटलीस बघ," असे म्हणत सुताराने मला घासून गुळगुळीत केले.

तो मोटरवाला माझा मालक. पुढे सगळे त्याला कप्तान म्हणू लागले. तो थोरला भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत राहत होता. भाऊ खेळाच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. वहिनीला मात्र खेळाचे भारी वेड. गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवायच्या दुकानात ती काम करी. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या मागे एक मोकळे मैदान होते. दर रविवारी सकाळी ओळखीपाळखीची माणसे जमवून तिथे बेसबॉल खेळायचा, ही कल्पना या दीर-वहिनीचीच.

बेस वहिनीने शिवले. उरलेल्या रेक्झिनचे तुकडे जोडून आत भुसा भरला आणि चार चपट्या उशा तयार केल्या. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर त्या ठेवायच्या. चेंडू मारला की एकेका उशीला पाय लावत पळायचे आणि फिरून पहिल्या जागी यायचे. तीनदा हुकले की बाद. एवढे कळले की बेसबॉल निम्मा कळला.

खेळ सुरू होण्याआधी माझा मान असे. दोन्ही बाजूंचे म्होरके समोरासमोर उभे राहत. एकजण मला उभी फेकी, दुसरा मधेच झेली. मग एकाची मूठ, तिच्यावर दुसऱ्याची, तिच्यावर पुन्हा पहिल्याची, अशा मुठी माझ्या अंगावरून वर चढत जात. ज्याची मूठ शेवटी टोकाला पोचे तो पहिला गडी निवडी. त्या वेळी सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत. मला वाटे, आपल्यासारखे आपणच.

निवड होता होता शेवटी एकटी वहिनी उरे. दर रविवारी. ती हात हलवून ओरडे, "उरलेली मी! ज्याच्या पदरात पडेन त्याने मुकाट्याने सांभाळा!" सगळे हसत आणि खेळ सुरू होई.

वहिनी चेंडू येताना डोळे मिटून घेई. मी हवेतून सपकन फिरे आणि चेंडू मागे निघून जाई. "वाऱ्याला लागला! वारा बाद!" असे म्हणत ती हसत परत जाई. मी मात्र तिच्या हातात गेले की लाजेने चूर होई. आता हुकणार, आता हसणार, असे मला वाटे. आमच्यात एक बसचा ड्रायव्हर होता, तो कसा दोन्ही पाय रोवून मला फिरवी! त्याच्या हातात असताना मी तिला ओळखही दाखवली नसती.

सुरुवातीच्या दिवसांत आमचा खेळ म्हणजे आनंदीआनंद होता. आमच्यातले दातांचे डॉक्टर ऐन मैदानात फोनवर बोलत उभे राहत. कुणी बेसवर बसून बुटाच्या नाड्या सोडी आणि तिथेच गप्पा मारी. कोण जिंकले हे घरी जाईपर्यंत कुणाला ठाऊक नसे. एके दिवशी ड्रायव्हरने हातमोजा काढून कप्तानाच्या हातात दिला. "गप्पा मारायला माझ्या घरी माणसं आहेत. इथं मी खेळायला येतो. खेळायचं ठरलं की बोलवा मला," असे म्हणून तो निघून गेला.

मित्रांनो, त्याचे काही चुकले नव्हते. कप्तानालाही ते पटले. त्याने फोन बंद करायला लावले, धावा मोजायला लावल्या, आळशांना पळायला लावले. ड्रायव्हर परत आला. खेळाला धार आली. डॉक्टर चार महिन्यांत बारीक झाले. वहिनीनेही अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला मोज्यात घातलेला चेंडू टांगला आणि संध्याकाळी दुकानातून आली की ती मला घेऊन त्याच्यावर सराव करू लागली. दहादा हुकायची ती नऊदा हुकू लागली. माझ्या लेखी तो फरक नव्हता. तिच्या लेखी होता.

मग कागद कारखान्यातल्या लोकांनी आम्हाला सामन्याचे आव्हान दिले. एकदा हरलो, दुसऱ्यांदा हरलो. "तुमच्याकडे एक बाई डोळे मिटून खेळते ना?" असे त्यांच्यातला एकजण हसत म्हणाला. ते कप्तानाच्या जिव्हारी लागले. तिसऱ्या सामन्याच्या वेळी आमच्याकडे एक माणूस जास्त झाला. मैदानात तर नऊच हवे. कुणीतरी बाहेर बसायला हवे होते आणि कुणी बसायचे, हे सगळ्यांना कळत होते.

एवढेच तिला सांगायचे होते. "वहिनी, आज तुम्ही बसा." पण ही वहिनी घरात आली तेव्हा कप्तान शाळेत जात होता. पहिल्या नोकरीच्या दिवशी त्याच्या सदऱ्याला इस्त्री तिनेच केली होती. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तो हे म्हणू शकला नाही. एक खरे वाक्य जमले नाही, म्हणून त्याने चार खोटी वाक्ये जुळवली. जेवताना म्हणाला, "उद्या नऊला सुरू करू, वहिनी. मला सकाळी एका दवाखान्यातला पंप बघायचाय. मी तिकडून परस्पर येतो. तुम्ही सावकाश या." सामना खरे तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होणार होता.

सकाळी घर झोपेत असताना त्याने मला दाराआडून उचलले आणि हत्यारांच्या पोत्यात घातले. पकडी, वायरींची भेंडोळी आणि पाने यांच्यामध्ये मी चोरीच्या मालासारखी घराबाहेर पडले. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. खरे सांगते, वाटली नाही. आज आपण जिंकणार, एवढेच माझ्या डोक्यात होते.

मैदानावर कप्तान म्हणाला, "वहिनींना आज जमत नाहीये." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले आणि आपल्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. कुणीच काही विचारले नाही. मग लक्षात आले की बेस वहिनीकडे आहेत. तेव्हा बूट घालण्यासाठी काढून ठेवलेल्या चपला चार कोपऱ्यांवर मांडल्या आणि त्यांवर सामना सुरू झाला.

आम्ही जिंकलो. शेवटचा फटका कप्तानाने मारला. चेंडू डेअरीच्या भिंतीपलीकडे गेला. सगळ्यांनी मला हातोहात नाचवले. कागदवाले हात मिळवून निघून गेले आणि आमचे लोक धुळीने माखलेल्या कपड्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटत असताना फाटकातून वहिनी आली. दोन बेस एका खांद्यावर, दोन दुसऱ्या खांद्यावर.

तिने आमच्या कपड्यांकडे पाहिले. मग मैदानाच्या कोपऱ्यातल्या चपलेकडे पाहिले.

"चपलांवर भागवलंत होय?" ती म्हणाली.

"ते... वहिनी, जरा लवकर सुरू करावं लागलं," कप्तान पुटपुटला.

"जिंकलात का?"

"हो."

"मग झालं तर."

तिने बेस खाली ठेवले. एकावर एक, नीट, कडा जुळवून. आणि ती आली तशी परत गेली. धरणी पोटात घेईल तर बरे, असे तिथल्या प्रत्येकाला झाले असेल. मी गवतात पडून होते. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. रोज संध्याकाळी जिच्या हातात मी असायचे ती माझ्याकडे अशी परक्यासारखी पाहील, असे मला कधी वाटले नव्हते.

घरी ती भांडली नाही. "भावोजी, हात धुऊन घ्या, पान वाढलंय," एवढेच म्हणाली. थोरल्या भावाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारले, "नऊला म्हणाला होतास ना रे?" कप्तान घास चावत राहिला. दुपारी त्याने मला उचलून स्वयंपाकघराच्या माळ्यावर, मोडक्या कूलरच्या मागे टाकले. दाराआड मी दिसले की त्याला जेवण जाईना.

माझ्या आयुष्यातला तो पहिला वनवास. अंगावर जाळी झाली. मोज्यातला चेंडू दोरीवरून उतरला होता. रविवार यायचे, कप्तान आपल्या मोटरच्या दुकानात जाऊन बसायचा, वहिनी शिलाई मशीनवर. मैदानावर कुणी जाईना. जिंकलेला संघ, पण तोंड दाखवायला कुणाला जागा नव्हती.

एका संध्याकाळी डॉक्टर आणि ड्रायव्हर बेस घेऊन घरी आले. इतके दिवस ते बेस डॉक्टरांच्या दवाखान्यात, रोग्यांच्या बाकाखाली पडून होते. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आम्हाला तेव्हाच समजलं होतं आणि आम्ही गप्प बसलो. चुकलं आमचं." ड्रायव्हर नुसता मान खाली घालून उभा राहिला. कप्तान आत मोरीपाशी उभा होता. नळ सुरू, हात कोरडे. मी माळ्यावरून बघत होते. तो बाहेर आलाच नाही.

"येते रविवारी," वहिनी म्हणाली. मग स्टुलावर चढून तिने मला खाली काढले आणि जुन्या फडक्याने पुसले.

तुम्हाला वाटेल, सगळे सुरळीत झाले. छे! त्या रविवारी तर आगीतून फुफाट्यात. मुठी वर चढल्या, कप्तान जिंकला आणि पहिल्याच निवडीला खच्चून ओरडला, "वहिनी!" ती भुवया उंचावून त्याच्याकडे बघत राहिली. तिची पाळी आली तेव्हा ड्रायव्हरने चेंडू असा टाकला की रांगत्या पोरालाही मारता यावा. तो मला जरासा लागला आणि घरंगळत थेट डॉक्टरांच्या पायापाशी गेला. डॉक्टरांनी तो उचलला, पाडला, पुन्हा उचलला, पुन्हा पाडला. "पळा वहिनी, पळा!" वहिनी पळाली. चारही बेसला पाय लावून आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही फुशारले. अखेर हिच्या हातून एक धाव तरी निघाली!

वहिनी धापा टाकत उभी होती. ती हसत नव्हती.

"बंद करा त्या टाळ्या," ती म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही दाढा काढता. बोटांत एवढा बॉल धरता येत नाही होय तुम्हाला? त्या दिवशी मला वगळलंत. आज मला खेळवताय. अरे, पण यात मी खेळले कुठे? मी काय आजारी आहे? मला नीट आऊट करा!"

तिने मला पुन्हा घट्ट धरले. ड्रायव्हरने कप्तानाकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि हात मागे नेऊन खरा चेंडू टाकला. सूं करत तो आला. हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला मला तिच्या बोटांवरून कळले, या वेळी तिचे डोळे उघडे आहेत. तिने तो शेवटपर्यंत पाहिला आणि ती हुकली.

"आऊट!" ड्रायव्हर गरजला.

"पुढच्या वेळी बघते तुला," वहिनी म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मॅचला नऊच लागतात, कळतं मला. जागा नसेल तेव्हा तोंडावर सांगा. मी रागावेन, दोन दिवस बोलणारही नाही. पण तोंडावर सांगा."

पुढचा सामना ठरला. त्या सकाळी कप्तानाने मला हातात घेतले आणि तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तळव्याला इतका घाम होता की मी निसटते की काय असे मला वाटले.

"वहिनी, आज तुम्ही बसायचं," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. पंपबिंप काही नव्हता. चुकलो मी."

वहिनीने ओट्यावरून फडके फिरवले. "पहिलं पटलं," ती म्हणाली. "दुसऱ्याला फार दिवस लावलेत, भावोजी." मग दोन बेस तिने घेतले आणि दोन त्याच्या हातात दिले. त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. वहिनी बाहेर बसून पंचाशी असे भांडत होती की कागदवाल्यांना तिचाच धाक बसला. त्यानंतरच्या सामन्यात ती खेळली आणि कप्तान बाहेर बसला. तेव्हाही आम्ही हरलोच, पण घरी जाताना कुणी कुणाची नजर चुकवली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू अशा वेळी 'आम्हाला पुसा, तेल लावा, उन्हापावसात टाकू नका' असे सांगतात. तेही कराच. पण माझे मागणे दुसरे आहे. जिंकायची हौस जरूर धरा. तिच्याशिवाय खेळ म्हणजे नुसती सहल. पण ज्याला बाहेर बसवायचे त्याच्यासमोर उभे राहून त्याला सांगा, आणि ज्याला आत घ्याल त्याला खरा चेंडू टाका. वहिनीच्या हातात गेले की आजही माझ्या मनात पहिल्यांदा 'आता हुकणार' असेच येते, आणि मग त्या विचाराचीच मला लाज वाटते. त्या सकाळी मला पोत्यात घालणारा माझा कप्तान काही वाईट माणूस नव्हता. तुम्हीही नाही, म्हणूनच हे तुम्हाला सांगते.