सरळ होती, तरी पडली

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. म्हणजे दोरीला टांगलेला पितळेचा वजनदार तुकडा. गवंडी दोरीचं वरचं टोक भिंतीशी धरतो आणि मला खाली सोडतो. भिंत सरळ असेल तर मी तिला जेमतेम टेकतो. कलली असेल तर लगेच चुगली करतो. मला एवढं एकच काम येतं, पण त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

लेथवर कातून तयार झालो आणि दुसऱ्याच दिवशी एका गवंड्याच्या पिशवीत पडलो. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्याबरोबर मी चाळीस वर्षं घरं पाहिली, शाळा पाहिल्या. शिकलेसवरलेले इंजिनिअर म्हणायचे, "मिस्त्रींनी ओळंबा लावलाय ना? मग बघायला नको." ते ऐकून मी फुगायचो. पितळ फुगत नाही, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो.

मिस्त्रींच्या मुलीला घरात खडी म्हणत, कारण खडीच्या ढिगासारखे तिचे प्रश्न कधी संपत नसत. शाळा संपताच तिने थापी हातात घेतली. हात सुबक होता. पण तिने बांधकाम शिकवणाऱ्या कॉलेजात जावं, हा मिस्त्रींचा हट्ट.

"अर्ज भरायला चारच दिवस उरलेत," ते एका दुपारी विटांच्या ढिगाला टेकून म्हणाले.

"बाबा, तुम्ही कुठे गेला होतात कॉलेजात? काय अडलं तुमचं?"

"अडलं."

ते माझी दोरी उगाच उलगडत बसले. मग त्यांनी कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका दवाखान्याच्या कुंपणाची भिंत बांधली होती. ती मीच तपासली होती. दोन वर्षांत तिला तडे गेले आणि एका सकाळी ती आडवी झाली. कोणाला लागलं नाही, पण मिस्त्रींनी सिमेंट खाल्लं, असं लोक बोलले.

"सरळ होती गं, तरी पडली. का पडली ते अजून कळलेलं नाही. तीच चूक मी पुढेही करत आलो असेन, तर?"

मला फार वाईट वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो. मग मला न दिसणारं असं तिथे काय होतं?

खडीने अर्ज भरला. "ती भिंत का पडली एवढं कळलं की परत कामावर येईन," असं तिने ठणकावून सांगितलं. इकडे कामावर भिंतीवर उजेडाची लाल, सरळ रेघ मारणारं यंत्र आलं आणि मी खिळ्यावर लटकलो. माझ्यावर धूळ साचली, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

दुसऱ्या वर्षी खडीने त्या जागेची माती खणून कॉलेजात नेली. आठवड्याने एका संध्याकाळी ती धापा टाकतच घरी आली.

"बाबा, आमच्या बाईंनी माती तपासून दाखवली. भिंत चांगलीच होती! खालची माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. पाया आणखी खोल हवा होता."

"म्हणजे चूक माझीच."

"हो," ती हळूच म्हणाली. "पण तुम्हाला ते कोणी सांगितलंच नव्हतं."

 मिस्त्रींनी विचारलं, "हे शिकवणाऱ्या बाई मला वर्गात मागे बसू देतील का?"

खडी हसली. मग तिला दिसलं की ते चेष्टा करत नाहीत.

खडीने कॉलेज सोडायचं नाव काढलं नाही. आता दर गुरुवारी बापलेक एकाच डब्यात पोळीभाजी भरून निघतात. कॉलेज लागतंच का, असं मला विचाराल, तर मला अजून सांगता येत नाही. मिस्त्रींनी त्यावाचून चोख काम केलं, आणि खडीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वीट नीट धरता येत नाही, असं ते सांगतात. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी पिकल्या केसांनी पाटीपुस्तक मागू लागलं, तर तेवढं हसू नका. त्यांना बाकावर थोडं सरकून जागा द्या.