रिकामे खिळे

कढत पाण्याची बादली मोरीपाशी टेकवून जानकीबाई दाराकडे आल्या आणि कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. पाणी निवत चाललं होतं. खाली पटांगणात चाळ कमिटीचे भाऊराव खुर्च्या मांडून घेत होते आणि लाउडस्पीकर घशात काही अडकल्यासारखा खाकरत होता. झेंडावंदन आठ वाजता. घाटकोपरच्या या चाळीत सगळ्यांत जुन्या जानकीबाईच, तेव्हा यंदा दोरी त्यांनी ओढायची असं कमिटीनं ठरवलं होतं.

"ओढीन की," त्यांनी भाऊरावांना सांगून टाकलं होतं. "निदान तुमच्यासारखा अर्ध्यावर लटकत नाही ठेवणार."

चार दिवस आपली अंघोळ झालेली नाही, हे मात्र त्या बोलल्या नव्हत्या. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं नि पावडर थापायची, असं चाललं होतं. पण झेंड्याच्या दोरीला पारोशा हातानं शिवायचं, हे त्यांना काही पटेना.

दाराशेजारच्या फळीवर नऊ खिळे होते. कामाला जाणारी माणसं "मावशी, चावी" म्हणत आपापल्या खोलीची चावी तिथं अडकवायची आणि जिना उतरायची. कुणाचं पोर शाळेतून किती वाजता येतं, कुणाचा सिलिंडर कधी यायचाय, सगळं जानकीबाईंना पाठ. त्यांची स्वतःची चावी मात्र कंबरेला असायची. नवरा, काशीराम, गेल्याला अकरा वर्षं झाली, पण ती चावी कुणाच्या दारात गेली नव्हती. आज सुट्टी, सगळे घरात. नऊच्या नऊ खिळे रिकामे. सणासुदीला कुणाला त्यांची गरज पडत नसे.

मुलानं, दत्तारामनं, बोरिवलीला ब्लॉक घेतला तेव्हा त्यानं फार गळ घातली होती. त्या गेल्या नाहीत. "तुझ्याकडे मी चहा टाकला तरी सून विचारणार, आई, काय हवं होतं? इथं मला विचारणारं कुणी नाही," असं तोंडावर सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं होतं.

शुक्रवारी सकाळी साबणाच्या वडीवरून त्यांचा पाय सटकला. कडी आतून लावलेली. मोरीच्या फरशीवर उताण्या पडल्या, कंबरेतून कळ निघाली, हात टेकवेना. नेमकी तेव्हाच शेजारची प्रेमा दाराशी आली. मुलुंडच्या कारखान्यात ती पॅकिंगला जायची.

"मावशी, चावी."

"खिडकीत ठेव. पूजेला बसलेय." पडल्या पडल्याच त्यांनी ठणठणीत आवाज काढला होता. त्यानंतर पिंपाच्या आधारानं उठेपर्यंत किती वेळ गेला, ते त्यांनाच ठाऊक. दत्तारामच्या कानावर हे गेलं असतं तर तो टॅक्सी घेऊनच आला असता आणि त्यांना ट्रंकेसकट घेऊन गेला असता. मग ही खोली, हे खिळे, सगळं संपलं.

जानकीबाईंनी कडीवरचा हात काढला आणि दार उघडलं. प्रेमा गॅलरीत वेणी घालत होती.

"इकडे ये गं. हे वाल सोलून दे."

"आत्ता? खाली झेंडावंदन आहे ना, मावशी."

"मग बिरडं काय राष्ट्रपती येऊन करणार? बस इथं उंबऱ्याशी. मी तेवढ्यात अंघोळ उरकते."

मोड आलेल्या वालांचं पातेलं तिच्यापुढे सरकवून त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं. भिंत धरून मोरीत उतरल्या. पहिला तांब्या अंगावर घेतला.

"मावशी, वाल गावचे?"

"हो."

दुसरा तांब्या. तिसरा.

"नारळ किती घालता?"

"अर्धा."

"नि गूळ?"

"बिरडं करायला मीच शिकवलं तुला. आज काय परीक्षा घेतेस माझी?"

बाहेर जरा वेळ नुसती वालाची सालं पडत राहिली. मग प्रेमा म्हणाली, "शुक्रवारी माझा लेटमार्क झाला."

जानकीबाईंच्या हातातला तांब्या थांबला.

"का?"

"निघायलाच उशीर झाला. इथं बसले होते पायरीवर. तुमची पूजा संपेपर्यंत."

बादलीत उरलेलं पाणी जानकीबाईंनी सावकाश अंगावर घेतलं, अगदी तळाचंसुद्धा.

आठाला पाच कमी असताना त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या. पातेलं आत ठेवलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. कंबरेशी नेलेली चावी तिथंच घुटमळली. मग त्यांनी ती प्रेमाच्या हातावर ठेवली.

"धर. दोरी ओढायला हात मोकळे लागतात."

प्रेमानं चावी पदराच्या टोकाला बांधली.

"नीट बांध," जिन्याचा कठडा धरत जानकीबाई म्हणाल्या. "दुसरी नाही माझ्याकडे."

झेंडावंदन झालं. लाडू वाटून झाले. वर आल्यावर जानकीबाई आपल्याच दाराशी थांबल्या, आणि प्रेमा पदराची गाठ सोडेपर्यंत दुसरीकडे बघत राहिल्या. कुलूप उघडल्यावर प्रेमानं चावी पुढे केली.

"राहू दे तुझ्याकडेच," नऊ रिकाम्या खिळ्यांकडे पाठ करून त्या म्हणाल्या. "माझ्याकडे खिळा कुठाय रिकामा?"