भरलेलाच राहिलेला पेला

“तुला म्हणून सांगते दीप्ती, त्या अवधूतकडे रोज संध्याकाळी साकेचा पेला भरतात. बायको स्वतःच्या हातानं ओतते! आणि मग तो...”

तेवढ्यात लिफ्ट आली आणि शेजारच्या गीताकाकूंचं पुढचं बोलणं लिफ्टबरोबर खाली गेलं.

तो पेला म्हणजे मीच, आणि साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. टोकियोजवळच्या उरायासुत, अवधूत, त्याची बायको अस्मिता आणि लेक रुचा यांच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी पालथा पडून बोलतोय. इथं ही खिडकी बाहेरच्या पॅसेजकडे उघडते. त्यामुळे कोण कोणाबद्दल काय बोलतं, कोणाच्या कचऱ्यात बाटल्या जास्त निघतात, सगळं मला आपसूक कळतं. चौकस म्हणा हवं तर. पण बोलणं माझ्यावरूनच निघालंय, तर खरं काय ते मीच सांगून टाकतो.

मी मातीचा, दोन घोटांचा जीव. माझा कुंभार म्हातारा होता. रेडिओवर बेसबॉल ऐकत, बायकोशी वाद घालत तो चाकावर बसायचा आणि त्याच्या हातून एकेक पेला सुटून यायचा. ज्या दिवशी तो ठरवून, श्वास रोखून करायला बसे, त्या दिवशी नेमके पेले वाकडे व्हायचे. मी बेसबॉलच्या दिवशीचा.

तिथून मी टोकियोतल्या तोयोसुला एका इझाकायात गेलो. इझाकाया म्हणजे ऑफिस सुटल्यावर मिळून खायची-प्यायची जागा. दिवसभर मान खाली घालून “हो-हो” करणारी माणसं तिथं टाय सैल करत. साहेब ज्युनियरला ओतणार, ज्युनियर साहेबाला. स्वतःचा पेला स्वतः कोणी भरत नाही, हा तिथला रिवाज. शेजाऱ्याचा रिकामा दिसला की आपण भरायचा.

अवधूतच्या क्लायंटकडचे नोमुरा-सान तिथं नेहमी येत. चार घोट झाले की जुन्या चीनवर घसरत. “जोर लावला की काम बिघडतं, जोर सुटला की आपणच होतं. ते लोक याला वू-वेई म्हणत,” असं सांगत. “पूर्वजांपुढे मद्य ठेवत, तह करतानाही एकत्र पीत. प्यायलेल्या माणसाला लपवाछपवी जमत नाही ना!”

खरं असेल. पण मी आयुष्यभर तेच पोटात घेतलं, म्हणून सांगतो. दारूनं सुटलेला जोर उसना असतो, सकाळी दुप्पट होऊन परत येतो.

अवधूतला तो असाच परत आला. पहिल्याच पार्टीत नोमुरा-साननी मला भरून त्याच्यापुढे ठेवलं. पानात काही टाकायचं नाही, हे पुण्यातल्या घरात लहानपणापासून कानीकपाळी ऐकलेलं. त्यानं मला निमूट रिकामं केलं. रिकामा पेला दिसला, म्हणून नोमुरा-साननी पुन्हा भरला. यानं मान ठेवायला पुन्हा रिकामा केला. दोघंही सभ्य, आणि दोघांच्या सभ्यपणात हा गडी आडवा झाला. जाताना मला चुकून कोटाच्या खिशात घालून घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी रुचाच्या शाळेत बाप-लेकींची शर्यत होती. अवधूत अंथरुणातून उठलाच नाही. रुचा एकटी धावली. घरी आल्यावर “दाइजोबु, बाबा” म्हणाली. म्हणजे, ठीक आहे, काही नाही. ते ऐकून अस्मिताचा चेहरा दगडासारखा झाला.

“पुन्हा असं झालं तर रुचाला घेऊन मी पुण्याला जाईन,” ती म्हणाली. “धमकी नाही अवधूत, ठरलंय माझं.”

अवधूत मला परत द्यायला गेला, तर इझाकायाच्या मालकानं हसून “राहू दे तुलाच” म्हटलं. पुढच्या पार्टीत, मी घरीच असताना, त्यानं समोरच्या पेल्यावर म्हणे सरळ तळहात ठेवला. नोमुरा-सानचा हात वरच राहिला. चहा मागवता आला असता, पण त्यांच्या हातचं नाकारणं म्हणजे त्यांनाच नाकारणं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. घरी येऊन म्हणाला, “प्यायलो तर तू जाणार, नाही प्यायलो तर ते दुरावणार. करू काय?”

अस्मितानं मला उचललं. “पंगतीत वाढपी कोणाकडे येतो? रिकाम्या पानाकडे. जिलबी नको असली की एक जिलबी पानात ठेवायची. उठताना खायची. तू पेला रिकामा करतोसच कशाला?”

तेव्हापासून रोज संध्याकाळी अस्मिता मला भरू लागली. भाजलेल्या सातूच्या गार चहानं. अवधूतनं मला ओठाला लावून खाली ठेवायचं आणि बोलत राहायचं. पण तो परीक्षेला बसल्यासारखा बसे, डोळे माझ्यावर रोखून. बोलता बोलता हात यायचा आणि सवयीनं गट्ट!

“झालं! आले बघ नोमुरा-सान!” अस्मिता पुन्हा ओतायची. “चहा पिऊन पोट फुगलंय तुझं. पार्टीत साके असेल!”

“जमणार नाही गं मला.”

“जमेपर्यंत बस. मी हलत नाही.”

एका संध्याकाळी रुचा सायकल शिकताना कशी पडली ते अवधूत हातवारे करून सांगत बसला. हसून हसून तिघांची पुरेवाट झाली. जेवण संपलं आणि अस्मितानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी काठोकाठ भरलेला होतो. तो मला विसरूनच गेला होता.

पुढच्या पार्टीला त्यानं मला रुमालात गुंडाळून नेलं. “पळालेला चोर परत आला!” नोमुरा-सान ओरडले आणि मला भरलं. अवधूतनं कानपाईसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून पेला उंचावताना, एक लहानसा घोट घेतला. मग बाटली दोन्ही हातांनी धरून नोमुरा-सानना ओतत राहिला आणि शर्यतीची गोष्ट सांगितली, स्वतःची लाज न झाकता. नोमुरा-साननी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “माझ्या मुलीच्या तर एकाही शर्यतीला मी गेलो नाही.” माझ्याकडे, जवळजवळ भरलेल्या पेल्याकडे, बघून किंचित हसले, आणि बाटली घेऊन शेजारच्याकडे वळवली.

अवधूत जेवणवेळेलाच घरी आला. “एक घोट घेतला,” दारातच सांगून मोकळा झाला. अस्मितानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “सांगितलंस, बरं झालं,” म्हणाली आणि पानं घेतली.

गीताकाकूंचं पॅसेजमधलं ते बोलणं अस्मितानंही ऐकलं होतं. परवा तिनं त्यांना हाक मारून आतच बोलावलं. “काकू, पेला रोज भरते, हे खरं. चाखून बघा.”

काकूंनी आधी वास घेतला, मग घोट. “अगंबाई, चहा की हा!”

“घरात चहाच असतो. तिकडे पार्टीत एक घोट साकेचा झाला, तोही खरा.”

“आणि ते तू पुण्याला निघालीस ते?”

“निघणार होते,” अस्मिता म्हणाली. “आता नाही.”

माझ्या काठाला बारीक टवका उडालाय, पण मी गळत नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी कोणी पेला भरलेला ठेवून बसला असेल, तर त्याला आग्रह करू नका. तो तुमच्याबरोबर बसलाय, एवढं पुरे समजा.