रामकृष्णरावांचा हुंकार

त्या गुरुवारी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात वनमालाबाईंच्या घरी एवढी गर्दी होती, की आत शिरलेल्या गाईला वळायला जागा मिळेना, म्हणून तीही आरतीला थांबली. पटत नसेल तर गाय सोडून द्या. बाकीचं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

लोक आले होते अ‍ॅम्प्लिफायर ऐकायला. वनमालाबाईंचे यजमान रामकृष्णराव रेल्वेच्या वीजखात्यातून निवृत्त झालेले, नाट्यगीतांचे शौकीन. ते गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर नुसता चालू केला, की गाणं न लावताच घुमू लागला. हूंऽऽऽ.

"बाबूजी ओम बोल रहे हैं!" उरल्याच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला भैय्यालाल गहिवरला.

ही बातमी अभनपुरापर्यंत गेली आणि तिथून नादबाबा आले. वनमालाबाईंच्या मुलानं, शेखरनं, त्यांचे पाय धुतले, तेही अ‍ॅम्प्लिफायरपुढेच. बाबांची तशी आज्ञाच होती. फरशीवर पाण्याचं तळं, त्यात बाबा अनवाणी.

"आत्मा कंपन है! कंपन ऊर्जा है! और ऊर्जा क्या है?"

"आप हैं बाबा!" गर्दी म्हणाली. बाबांनाही पुढचं माहीत नसावं, कारण त्यांनी लगेच मान्य केलं.

मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्यावर तळवा टेकवला. हुंकार विरला. हात उचलला, पुन्हा हूंऽऽऽ. भक्तांनी हात लावायचा तो लाकडी पाटावर उभं राहूनच. त्यांच्या हातानं घुमणं काही थांबत नसे. "ये तुम्हारे पाप बोल रहे हैं," बाबा समजावत. एकाला झिणझिण्या आल्या, तर त्याला शक्तिपात झाल्याचं जाहीर झालं.

डब्यावर तांब्या ठेवून हुंकारजल तयार होई. वनमालाबाईंना मधुमेह. बाबांनी इन्सुलिन बंद करवलं. "सुई से बाबूजी को चुभता है." पायाच्या अंगठ्याला जखम होती, ती काळी पडत चालली.

त्या गुरुवारच्या गर्दीतच बिलासपूरहून मुलगी आली. पूर्णिमा, कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिनं आईचा पाय पाहिला आणि पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, ऊठ. दवाखान्यात."

"नाही येत मी," वनमालाबाई म्हणाल्या. "सुई घेतली तर तुझे बाबा जातील. इतक्या दिवसांनी बोलून राहिले ते. मले त्यांना घालवायचं नाही."

"दादा, तू तरी सांग हिला!"

"तू कायले मधात पडतेस?" शेखर म्हणाला. हा सिलतऱ्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. हेल्मेट न घालणाऱ्याला दंड करतो.

पूर्णिमा डब्यामागे वाकली, प्लग पाहिला. मग अंगणात गेली, आणि बराच वेळ एका जागेकडे बघत राहिली. परतली ती हातात लांब तार घेऊन. बाबा तेव्हा डब्यावर तळवा टेकून होते, त्यामुळे हुंकार तसाही बंदच होता. तारेचं एक टोक तिनं हापशीच्या लोखंडी पाइपाला बांधलं होतं. दुसरं टोक डब्याच्या स्क्रूकडे नेलं.

बाबा किंचाळले, "अरे दीदी, पहले मेन तो बंद करो! करंट लग जाएगा!"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. गाईनंही रवंथ थांबवलं.

"बंद करूनच आली आहे मी," पूर्णिमा म्हणाली. "पण महाराज, आत्म्याला मेन स्विच काहून लागतो?"

तिनं स्क्रू आवळला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि मेन चालू केला. डब्याचा दिवा लागला. हुंकार नाही. आणि बाबांचा हात तर डब्यावर नव्हताच, ते दूर पाटावर चढून उभे.

"घ्या, तार सिद्ध झाली. घाला हार हिला," पूर्णिमा म्हणाली.

भैय्यालाल खरंच हार घेऊन पुढे झाला. त्याला मी धरलं.

"या यंत्रातून थोडी वीज पत्र्यावर झिरपते," पूर्णिमा सांगू लागली. "तिला जमिनीत जायला अर्थिंग लागतं. आपले बाबा दर उन्हाळ्यात अंगणातल्या खड्ड्यात मीठपाणी ओतायचे, ते त्यासाठी. दादा, तू त्या खड्ड्याचं काय केलंस?"

शेखरचा चेहरा उतरला. त्यानं त्या खड्ड्यावर सिमेंट ओतून, टाइल्स बसवून वडिलांच्या स्मृतीचा चौथरा बांधला होता. रोज दिवा लावायचा, पाण्याचा थेंब नाही. आतली माती कोरडी ठणठणीत. वाट बंद झालेली वीज मग स्पीकरमधून घुमायची. ओल्या पायांचे बाबा हात लावत, तेव्हा तिला त्यांच्या अंगातून वाट मिळे. कोरड्या पाटावरच्या भक्तातून कुठली मिळणार?

"आणि उद्या वीज जास्त उतरली असती, तर हात लावणारा जागेवर गेला असता. हे यांना माहीत होतं. साउंडवाले होते का हो तुम्ही?"

"पहले... शादी-ब्याह में," बाबा पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

वनमालाबाई मुक्या डब्याकडे बघत होत्या.

"म्हणजे ते गेलेच?"

"हो, आई."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "मग मी कोणासाठी बसून राहिली इथं? शेखर, ऑटो बोलाव."

डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा गेला. चार दिवस आधी आल्या असत्या तर तोही राहिला असता, असं ते म्हणाले.

म्हणून सांगतो, बाबांनो. यंत्र घुमलं तर जाणत्या वायरमनला बोलवा. जखम झाली तर डॉक्टरला दाखवा. आणि औषध बंद करायला सांगणारा दारात आला, तर त्याचे पाय धुवू नका, त्याला दार दाखवा. उभ्या आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण कापलेला अंगठा परत फुटल्याची थाप मारायची माझीही छाती होत नाही.