रिठ्याचं पाणी

गयाबाईंनी नाणं पदराला पुसलं आणि मुलाच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"घे. बघ कसं लखलखतंय."

राजानंदने मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद केला. १८०७ सालचं अमेरिकेचं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं! नऊ वर्षं तो त्याच्या मागावर होता. अखेर युट्रेक्टच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने ते त्याला द्यायचं कबूल केलं आणि आज सकाळी ते टपालाने नेदरलँड्समधल्या कापेल गावी त्याच्या घरी आलं. काम आटोपल्यावर निवांत, सुती हातमोजे घालून पाकीट उघडायचं त्याने ठरवलं होतं. पण गयाबाईंपुढे कुणाचं चाललंय! तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आल्या त्या कोरोनामुळे ऑक्टोबरातही इथेच अडकलेल्या, आणि मार्चपासून घरात येणारी प्रत्येक वस्तू सिंकमध्ये आंघोळ करूनच पुढे सरकत होती. दुधाचे खोके, केळी, एकदा तर गेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्रसुद्धा.

"कशाने धुतलंस?"

"सोनं कशाने धुतात? रिठ्याच्या पाण्याने. काळपट डाग हलेना, मग दंतमंजन लावून ब्रशने घासलं. कोणाकोणाचे हात लागले असतील त्याला!"

त्याने भिंग उचललं. नाण्यावरच्या टोपीवाल्या बाईच्या गालावर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलं होतं. दोनशे वर्षं टिकलेली मऊ, तांबूस झाक साफ गेली होती. जाणकार माणूस असं नाणं बघतो आणि काही न बोलता खाली ठेवतो.

राग येईल म्हणून तो थांबला. आला नाही. ऑगस्टपासून त्याला काहीच येत नव्हतं. नागपुरात बाबांना दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी महापालिकेच्या माणसांनी परस्पर सगळं उरकलं, आणि मायलेकांनी ते फोनवर ऐकलं. पुण्यानुमोदनाला नातेवाईक स्क्रीनवरच्या चौकटींत जमले, तेव्हाही तो नुसती मान हलवत बसला होता. बाबांना तो प्रत्येक नवं नाणं फोनवर दाखवायचा. "जरा उजेडात धर ना रे," ते म्हणायचे. हे दाखवायचं राहून गेलं.

"गप्प काहून झालास? बिघडलं का काही?"

"जुन्या नाण्याला कातडी असते, आई. वर्षानुवर्षांनी चढलेली. घासली की गेली, परत येत नाही. म्हणून आम्ही बोटसुद्धा लावत नाही."

गयाबाईंचा चेहरा एवढासा झाला.

"मला काय ठाऊक, बाप्पा," म्हणत त्या आत गेल्या. राजानंद पुन्हा मीटिंगमध्ये बोलू लागला.

नोव्हेंबरात नागपूरहून त्याच्या बहिणीचं, समताचं पार्सल आलं. दवाखान्याने दिलेली बाबांची सीलबंद पिशवी तिने तशीच पाठवली होती. उघडायचा तिला धीर झाला नव्हता. पिशवीत एक चष्मा होता, बस.

गयाबाई सवयीने तो घेऊन सिंकपाशी गेल्या. रिठ्याची वाटी तिथेच होती. त्यांनी नळ सोडला. राजानंद दारात उभा राहून बघत होता. थांब म्हणायचं होतं, पण एका चष्म्यासाठी त्या माउलीला आणखी काय बोलायचं?

पाणी नुसतं वाहत राहिलं. गयाबाईंनी चष्मा खिडकीच्या उजेडात धरला होता. डाव्या काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा होता. चष्मा अंगठ्याने वर सारायची बाबांची खोड, आणि "काचेला कशाला हात लावता?" म्हणून ओरडत रोज तो पुसून द्यायचं काम गयाबाईंचं. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

त्यांनी कोपराने नळ बंद केला.

"राजा, तुझे ते पांढरे हातमोजे आण."

त्याने आणले. चष्मा अलगद कोरड्या रुमालावर ठेवून गयाबाईंनी हात पुसले आणि त्याच्यापुढे केले. तो एकेक बोट मोज्यात घालू लागला, पण तिसऱ्या बोटापासून त्याला नीट दिसेना. ऑगस्टपासून अडलेलं रडू आत्ता आलं, आणि चांगलं हुंदक्यांसकट आलं. तो वाकून ओट्याला टेकला.

गयाबाईंनी मोज्यातला हात त्याच्या कपाळाला लावून त्याला हळूच मागे सारलं.

"जरा दूर होऊन रड, बाळा," त्या म्हणाल्या. "काचेवर थेंब पडेल."