पिवळी रांग

तिनं इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी उबेत वाढवायच्या कपाटाचं, दार उघडलं आणि ताटली झटकन उजेडात धरली. तिच्या ताटलीतल्या खळग्यांची वरची रांग पिवळी पडली होती. खालची मात्र होती तशीच, लालचुटुक.

कातडीच्या पेशी त्या लाल पाण्यात वाढत आणि तेच त्यांचं जेवण. त्यात जंतू शिरले, की ते सगळं फस्त करतात, पाणी आंबट होतं आणि रंग पिवळा. म्हणून प्रयोगशाळेचा शिरस्ता सोपा होता: पिवळं दिसलं, फेकून दे. चर्चा नाही.

"गेली का?" मागून पुसेकरांनी डोकावून पाहिलं. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण दाराची मूठसुद्धा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून मग धरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? "बाळंतपणाच्या रजेवरून आलं की हात सैल होतातच गं. दे इकडे, ब्लीच ओततो."

"थांबा हो दादा. आधी बघू तर द्या."

"बघायचंय काय त्यात? खालच्या फळीवर माझ्या पेशी आहेत. तुझी पीडा माझ्या गळ्यात नको."

ते चूक बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. त्यात बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिला रुजू होतानाच बजावलं होतं, "आता काही गडबड झाली तर हे काम पुसेकरांकडे जाईल. मग रडू नकोस."

पण ती जात्याच शंकेखोर. झोपलेल्या ठमीच्या नाकाशी बोट धरून लेकीचा श्वास चालू आहे ना, हे चारचारदा बघणारी बाई. घरात सगळे हसायचे. तिनं ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि तशाच हट्टानं बघत बसली. पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून निवांत बसलेल्या. मध्ये वळवळणारं काही नाही, गढूळपणा नाही. आणि पिवळी पडली ती नेमकी वरचीच रांग. काल सूज आणणारं रसायन तिनं त्याच रांगेला दिलं होतं. जंतू काय रांगा मोजून बसतात?

मग जेवण संपवलं कुणी?

जेवणाच्या सुट्टीत तिनं घरी फोन लावला. पलीकडून ठमीचं भोकाड आधी आलं, सासूबाई मागून.

"आई, काय झालं तिला?"

"काही नाही गं. पायाला मुंगी चावलीय. एवढासा लाल ठिपका, आणि आळी गोळा होईल एवढी बोंब!"

"भूक लागली असेल..."

"भूक कसली! उपाशी होती तेव्हा नुसती कुरकुरत होती. आत्ता पोटभर दूध प्यायली, तेव्हा कुठे हा आवाज निघाला. ओरडायलाही अंगात बळ लागतं, बाई! तू तुझं काम कर."

फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. अंगाला सूज येते तेव्हा पांढऱ्या पेशी धावून येतात, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. पण त्यांना हाक मारते कोण? कातडी. आणि ही हाक मारायला कातडीला फुकटात बळ कुठून येणार? काल ज्यांना डिवचलं, त्याच पेशींनी लाल पाण्यातली साखर बकाबका खाऊन पाणी आंबट केलं होतं. पिवळा रंग चोराचा नव्हता, घरच्यांच्याच खरकट्याचा होता.

ती थेट बाईंच्या खोलीत गेली.

"मला परवापर्यंत वेळ द्या. ताटली बाजूच्या खोलीतल्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये ठेवते, म्हणजे पुसेकरदादांच्या जिवाला घोर नको. पिवळ्या पाण्याचा थेंब जंतूंच्या आवडत्या खाण्यावर टाकून ठेवते. जंतू असतील तर उगवतीलच."

"आणि उगवले तर?"

"तर सगळे इन्क्युबेटर मी घासते आणि हे काम सोडते."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "सोडते? बोललीस हं तू. आणि नाही उगवले तर काय सिद्ध होतं?"

"तेवढ्यानं काहीच नाही. म्हणून नव्या ताटलीतल्या दोन्ही रांगांना डिवचणार आहे. एका रांगेची साखरेची वाट औषधानं बंद करते. वर बारीक जाळी, जाळीवर पांढऱ्या पेशी. कुठली रांग त्यांना खाली ओढते ते बघू."

"कर," बाई म्हणाल्या. एवढंच.

परवाच्या दिवशी तिघं एकाच सूक्ष्मदर्शकाभोवती उभे होते. जंतूंच्या खाण्यावर काहीच उगवलं नव्हतं. साखर मिळालेल्या रांगेत पांढऱ्या पेशींची ही झुंबड उडालेली. साखर अडवलेल्या रांगेत चुकूनमाकून आलेल्या चार.

पुसेकर हार मानणारे नव्हते. "मेल्या असतील तुझ्या पेशी. मेलेलं माणूस कशाला ओरडतंय?"

"मलाही तीच भीती होती. म्हणून निळा रंग घालून बघितला. मेलेली पेशी निळी होते. या बघा, स्वच्छ आहेत. जिवंत आहेत दादा, फक्त आवाज बसलाय."

बाई हसल्या, आणि बाईंनी हसणं म्हणजे दुर्मीळ योग. "पुन्हा कर. दोनदा, तीनदा कर. एकदा झालं त्याला मी योगायोग म्हणते. पण तूच कर."

तिचं काम तिच्याकडे राहिलं होतं. तिनं लगेच नव्या पेशी काढायला घेतल्या. 

पुसेकर तिथेच घुटमळत राहिले. बोळा हातात, पण पुसत काहीच नव्हते.

"काय गं," शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्याही पिवळ्या पडल्या होत्या. डिवचलेल्याच. मी तर..."

"बघितल्या होत्या का फेकण्याआधी?"

पुसेकरांनी हातातला बोळा उगाच उलटा केला. तिनं जास्त ताणलं नाही. इन्क्युबेटरच्या फळीवर एक चिठ्ठी चिकटवली: पिवळ्या आहेत, फेकू नये, जेवताहेत.

संध्याकाळी निघताना तिनं वळून पाहिलं. पुसेकर इन्क्युबेटर पुसत होते. चिठ्ठीपाशी आल्यावर त्यांचा हात थबकला. मग त्यांनी चिठ्ठीचा कोपराही भिजू न देता बोळा कडेकडेनं फिरवला आणि दार हलक्या हातानं लावून घेतलं.