योपकाकांचं मानपत्र

आधीच सांगते, दिलेला शब्द मी मोडला नाही. तो जयप्रकाशरावांनी मोडला, आणि तोही सोनेरी अक्षरांत, फ्रेम करून.

नेदरलँड्समधल्या आल्मेरेत आमच्या शेजारच्या घरात योपकाका राहतात. वय चौऱ्याऐंशी, नाक दोनदा मोडलेलं, डावा गुडघा पावसाच्या आधी दुखतो. इथे पाऊस रोजचाच, म्हणजे गुडघाही रोजचाच. सतरा वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या, उल्हासच्या मागोमाग या देशात आले, तेव्हा इथल्या सायकलला उलटं पायडल मारून ब्रेक लावायचा असतो हे मला काकांनीच शिकवलं. मी त्यांच्या कुंपणात घुसल्यावर. पुढे आमच्या ऋताला बर्फावर उभं राहायलाही त्यांनीच शिकवलं. ती आता पंधरा वर्षांची आहे, मुलींच्या संघात आइस हॉकी खेळते, आणि काकांसारखीच डिफेन्सला.

हॉकी खेळून पगार मिळू शकतो हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं, तेव्हाचे हे खेळाडू. दिवसभर लोकांच्या घरी फरश्या बसवायच्या आणि संध्याकाळी बर्फावर उतरायचं. त्यांच्या क्लबने पहिल्यांदा चार-पाच जणांना पगारावर घेतलं, त्यांत योपकाका होते. अकरा हंगाम खेळले, डोक्यावर हेल्मेट नाही की काही नाही. समोरचा अंगावर आला की त्याला अडवायचं, ती रबराची काळी चकती त्याच्याकडून काढून घ्यायची आणि पुढच्या आपल्या माणसाला द्यायची. काम एवढंच. गोल पुढचा मारणार, टाळ्या पुढच्याला. काकांचे अकरा वर्षांत गोल किती? चार. "त्यातला एक चुकून," असं ते स्वतःच सांगतात.

काही वर्षांपूर्वी क्लबचा मोठा समारंभ झाला. माइकवरून जुन्या खेळाडूंची नावं वाचली, गोलांच्या क्रमाने, पहिली दहा. काका नवा कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. घरी आले आणि स्केट्स माळ्यावर टाकून दिल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कॉफी ढवळता ढवळता. "साधना, एकाने तरी म्हणायचं गं, योपसुद्धा होता म्हणून."

आमचं मराठी मंडळ दर दिवाळीला इथल्या एखाद्या माणसाचा सत्कार करतं. यंदा मी हात वर करून उभीच राहिले: योपकाका! दुसरं नाव कुणी काढलंच नाही, माझा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. काकांनी मात्र एक अट घातली. "जे मी केलं नाही, ते बोलायचं नाही. माझं आहे तेवढंच." मी शब्द दिला. अध्यक्ष जयप्रकाशरावांना मानपत्राचा सगळा मजकूर लिहून पाठवला. 'गोल चार'च्या खाली रेघसुद्धा मारली.

कार्यक्रमाच्या दिवशी काकांच्या डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. काय देखणे दिसत होते म्हणून सांगू! ऋता शेजारी उभी राहून कानात डचमध्ये सांगत होती. जयप्रकाशरावांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "हे बर्फभूमीच्या नरशार्दूला! आपण आपल्या कारकिर्दीत दोनशे बारा गोलांचा वर्षाव करून प्रतिस्पर्ध्यांना त्राही भगवान करून सोडलेत..."

टाळ्यांचा कडकडाट! ऋताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको सांगूस. पण पोरगी माझीच, तिने जसंच्या तसं सांगितलं.

चिवड्याच्या खोक्यांमागे मी जयप्रकाशरावांना गाठलं.

"दोनशे बारा कुठून आणलेत हो?"

"अहो साधनाताई, चार हा आकडा मानपत्रात शोभतो का? त्यांच्या क्लबच्या जुन्या तक्त्यात सगळ्यात वर दोनशे बारा होते, ते घेतले. एकाच संघाचे ना? आणि मानपत्रात थोडं चढवून लिहायचंच असतं. माझ्या वडिलांना कर्मयोगी म्हटलं होतं. ते रोज दुपारी दोन तास झोपायचे!"

"वडील तुमचे होते. हे काका माझे आहेत!" मी म्हटलं. पुढे आणखी बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

गाडीत काका मांडीवर मानपत्राची फ्रेम घेऊन बसलेले. मला रडूच फुटलं. त्यांच्या आयुष्यात हे एकदाच व्हायचं होतं, आणि ते मी मातीत घातलं होतं. माफी मागितली तर ते फ्रेमवरून हात फिरवत म्हणाले, "दोनशे बारा. हे यानचे आहेत. चुकीच्या पत्त्यावर आलंय, नेऊन द्यायला हवं."

यान म्हणजे त्यांच्या संघाचा पुढचा खेळाडू. आता आर्नहेमला वृद्धाश्रमात असतो. "त्यांना राग आलाय, तू तोंड उघडू नकोस," उल्हासने मला बजावलं. शनिवारी मी, ऋता आणि काका ट्रेनने निघालो. फ्रेम अल्बर्ट हाइन या किराणा दुकानाच्या पिशवीत, शाल माझ्याकडे, नारळ काकांच्या कोटाच्या खिशात. उत्रेख्तला गाडी बदलेपर्यंत मी खरंच एक अक्षर बोलले नाही. उल्हासला सांगितलं तर पटणार नाही.

यान खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. नर्सने दारातच सांगितलं, कधीकधी तो मुलालाही ओळखत नाही. काकांनी काही न बोलता त्याच्या खांद्यावर शाल घातली, फ्रेम मांडीवर ठेवली. ऋताने सगळं डचमध्ये वाचून दाखवलं, नरशार्दूलासकट.

"इतके?" यानने विचारलं.

"इतके," काका म्हणाले. "तुझे आहेत."

यानने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग बोट उचलून त्यांच्या वाकड्या नाकाला लावलं. "योप," म्हणाला. आणि ऋताकडे वळला. "गोल मला काही आठवत नाहीत, मुली. पण मागे वळून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मागे योप असायचा."

काका खुर्चीत बसले आणि रडले. चांगले हुंदके देऊन, लहान मुलासारखे. मीही रडले, ऋताही. नर्स धावत आली, तिला वाटलं काय झालं! यानला मात्र शाल आवडली होती, तो तिची किनार चाचपत बसला. निघताना त्याने नारळाकडे बोट दाखवलं, तर काका म्हणाले, "नाही हं, नारळ माझा आहे." आणि परत खिशात घातला.

रविवारी जयप्रकाशरावांचा फोन. आवाज अगदी पडलेला. "साधनाताई, चुकलंच माझं. नवीन मानपत्र करतो, मजकूर पाठवा. एक अक्षर बदलणार नाही." मी पाठवला. दोन मिनिटांत परत फोन. "अहो, एवढंच? एकच ओळ? एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये किती रिकामं दिसेल!"

"दिसू दे," मी म्हटलं.

ती नवी फ्रेम आता काकांच्या पुढच्या खोलीत आहे. खाली खिळ्याला स्केट्स टांगल्यात, माळ्यावरून त्यांनीच काढल्या. ओळ मराठीत आहे, काकांना वाचता येत नाही. त्यामुळे घरी पोस्टमन येवो नाहीतर नळ दुरुस्त करणारा, काका कुंपणावरून ऋताला हाक मारतात. माझी ही पोर, जी माझ्या मराठीला दिवसभर डचमध्ये उत्तरं देते, ती जाऊन उभी राहते आणि आधी मराठीत, मग डचमध्ये मोठ्याने वाचते:

"मागे योप असायचा."